वायू संपायच्या आत लावायचा फलक

रायगडच्या किनारपट्टीवर रस्त्याकडेला दोन तऱ्हेचे फलक दिसतात. एक इतिहासाचे. कुलाबा किल्ला, अलिबागेतली कान्होजी आंग्र्यांची समाधी, २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात चिरनेरला धारातीर्थी पडलेल्यांचे स्मारक, १९३३ पासून सुमारे सहा वर्षे चाललेल्या चरीच्या शेतकरी संपाची आठवण. दुसरे फलक सावधगिरीचे. शेताच्या बांधावर, खाडीच्या काठाला, साकवाच्या तोंडाशी छोटे खांब उभे असतात. जमिनीखाली उच्च दाबाची गॅस वाहिनी आहे, खोदू नये, काही आढळल्यास अमुक क्रमांकावर कळवावे, एवढाच त्यांवरचा मजकूर.

या दोन फलकांच्या मधली पन्नास वर्षे कुठेच लिहिलेली नाहीत. वाहिनीतला वायू कुठून येतो, कशात साठला होता, किती उरला आहे, तो इथे उतरावा म्हणून कोणी काय दिले, यातले काही रस्त्याने जाणाऱ्याला कळत नाही. माझे म्हणणे असे की हा मजकूर रस्त्याकडेला, मराठीत, ठळक अक्षरांत लागला पाहिजे. आणि तो वायू वाहता असतानाच लागला पाहिजे. साठा आटल्यावर लावलेला फलक मृत्युलेख ठरतो. साठा शिल्लक असताना लावलेला फलक लोकांच्या हातात हिशेब देतो.

प्रथम या साठ्याची कूळकथा. रायगड म्हणजे काळ्या कातळाचा मुलूख. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि सह्याद्रीपासून किनाऱ्यापर्यंत बेसाल्ट पसरला. या जिल्ह्याच्या जमिनीत चुनखडीच्या खाणी नाहीत. पण किनाऱ्यापासून पश्चिमेला, मुंबईपासून दीडशेहून अधिक किलोमीटरवर, समुद्राच्या तळाखाली एक उंचवटा आहे. नद्यांचा गाळ तिथवर फारसा पोचत नसे. पाणी उथळ आणि स्वच्छ. अशा पाण्यात सूक्ष्म कवचधारी जीव आणि शेवाळी वाढत गेली, मरत गेली आणि त्यांच्या कवचांचा चुना तळाशी बसत गेला. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीची ही चुनखडी. मध्यंतरी समुद्र हटला, पावसाचे पाणी तिच्यात झिरपले आणि तिला बारीक छिद्रे पडली. पुढे समुद्र परत आला आणि वर चिखलाचा घट्ट थर बसला. खोलवरच्या जुन्या, सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या थरांत तयार झालेले तेल आणि वायू वर सरकले, या सच्छिद्र चुनखडीत शिरले आणि झाकणाखाली अडकून राहिले. मुंबई हाय म्हणतात ती हीच चुनखडी. साठा म्हटला की डोळ्यांपुढे तळघरातले तळे येते. प्रत्यक्षात तेल आणि वायू दगडाच्या छिद्राछिद्रांत भरलेले आहेत. चुनखडी आणि वायू या दोन वेगळ्या संपत्ती मानता येत नाहीत. एक भांडे आहे, दुसरा त्यातला ऐवज.

भूवैज्ञानिकांनी समुद्राखालच्या या थरांना किनाऱ्यावरच्या गावांची नावे दिली आहेत. वसई, अलिबाग, रत्नागिरी, वांद्रे ही नावे या क्षेत्रावरच्या शास्त्रीय लिखाणात खडकांच्या थरांची म्हणून येतात. अलिबागच्या शाळेतल्या मुलाला आपल्या गावाचे नाव समुद्राखालच्या खडकाला आहे हे कोणी सांगत नाही.

जमिनीवर चुनखडी नाही, तरी चुना या किनाऱ्याच्या हाडामांसात आहे. शिंपले भट्टीत भाजून चुना करायचा, तो घाण्यात मळायचा आणि बांधकामाला वापरायचा, ही इथली जुनी रीत. कुलाबा किल्ल्याच्या तटाचे प्रचंड चिरे चुना न घालता एकावर एक रचले, लाटेचे पाणी फटींतून आत-बाहेर व्हावे म्हणून. मुरूडसमोरचा पद्मदुर्ग मात्र चुन्यात बांधला. त्याच्या तटाजवळ जाऊन पाहावे. साडेतीनशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी दगड आत आत झिजला आहे. प्रत्येक चिऱ्याच्या जागी खोलगट खोबण आणि तिच्या चारी बाजूंनी चुन्याची दर्ज पुढे आलेली. बोट फिरवले तर दगडाची कड खरखरीत लागते आणि चुन्याची धार अजून टणक. बांधणाऱ्यांनी चुना दगडाला सांधण्यासाठी घातला. दगड गेला आणि चुना राहिला. समुद्रातल्या जिवांच्या कवचांचा चुना किती चिवट असतो याचा हा उघड्यावरचा पुरावा. मुंबई हायची चुनखडीही तशाच कवचांची. हा धागा एका फलकावर चार ओळींत सांगता येतो आणि तो सांगितला तर किल्ला पाहायला आलेल्या माणसाला समुद्राखालचा खडकही कळतो.

आता शोधाची गोष्ट. १९५६ साली तेल आणि नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला, तो पुढे ओएनजीसी या नावाने घरोघरी गेला. साठच्या दशकात सोव्हिएत सर्वेक्षण जहाजाने खंबायतच्या आखातापासून मुंबईपर्यंतच्या समुद्राची चाचपणी केली आणि हा उंचवटा नकाशावर आला. जपानमध्ये बांधलेली ‘सागर सम्राट’ ही विहीर खोदणारी यंत्रणा तिथे नेली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर जगात तेलाच्या किमती कडाडल्या होत्या, परकीय चलनाची चणचण होती. अशा वेळी हा शोध म्हणजे देशाला मिळालेला श्वास होता. त्याची कृतज्ञता सरकारने एका ठिकाणी नोंदवली. एक रुपयाच्या नोटेच्या मागच्या बाजूला ‘सागर सम्राट’चे चित्र आले. ज्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर हा वायू उतरला, तिथल्या माणसानेही ती नोट वापरली. चित्र कशाचे ते क्वचितच कोणी त्याला सांगितले असेल.

सुरुवातीला तेलाबरोबर निघणारा बराच वायू समुद्रावरच जाळावा लागला, कारण तो आणायला वाहिनी नव्हती आणि वापरायला कारखाने नव्हते. १९७८ मध्ये समुद्रतळावरून वाहिन्या उरणला आल्या, आणि रायगडचा नकाशा बदलला. उरणला तेल आणि वायू शुद्ध करणारा प्रकल्प. त्याच तालुक्यात राज्य विद्युत मंडळाचे वायू विद्युत केंद्र, त्याचे पहिले संच १९८२ चे, पुढे क्षमता ६७२ मेगावॉट. अलिबाग तालुक्यात थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना. तिथे वायूपासून अमोनिया, अमोनियापासून युरिया होतो आणि ‘उज्ज्वला’ नावाच्या गोणीतून तो घाटावरच्या उसाला, मराठवाड्याच्या कापसाला जातो. उसरला गेलचा एलपीजी काढणारा प्रकल्प. रेवदंड्याजवळ साळावला आणि पेण तालुक्यात डोलवीला नव्वदच्या दशकात वायूवर चालणारे लोहप्रकल्प उभे राहिले. डोलवीला तर या लेखाचे दोन्ही विषय एका आवारात भेटतात. धरमतरच्या खाडीतल्या जेट्टीवर बार्जमधून खनिजाबरोबर चुनखडी उतरते, आणि लोखंड करायला वायू वाहिनीतून येतो. मुंबईच्या रिक्षा-टॅक्सींचा सीएनजी, स्वयंपाकघरात पाइपने येणारा गॅस, यांतला मोठा वाटाही उरणच्याच वाटेने गेला आहे.

म्हणजे महाराष्ट्राच्या गेल्या चाळीस वर्षांच्या शेतीचा, विजेचा आणि शहरी वाहतुकीचा मोठा भाग या किनाऱ्यावरून गेलेल्या वायूवर उभा राहिला. इतकी मोठी गोष्ट घडून गेली आणि गावाच्या नाक्यावर तिची ओळही नाही.

असे फलक लावायची रीत अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या राज्यांत आहे, आणि तिथली गोष्ट आपल्याला विशेष उपयोगी आहे. ओहायो आणि इंडियाना राज्यांत १८८० च्या दशकात वायू सापडला, तोही चुनखडीतच. ट्रेंटन नावाची ती चुनखडी. ओहायोतल्या फिंडले गावात जानेवारी १८८६ मध्ये ‘कार्ग’ नावाची विहीर लागली. तिची ज्योत महिनोन्‌महिने पेटत राहिली आणि कित्येक मैलांवरून दिसत असे. इंडियानातल्या गावांनी कारखान्यांना फुकट वायूचे आमिष दाखवले. काचेच्या बरण्या करणारे बॉल बंधू त्याच ओढीने मन्सीला आले. वायू अक्षय आहे असा लोकांचा समज झाला होता. रस्त्यांवर ‘फ्लाम्बो’ नावाचे उघडे दिवे दिवसरात्र जळत, विझवण्याचीही तसदी कोणी घेत नसे. १८९१ मध्ये इंडियानाच्या विधिमंडळाने असे दिवे जाळण्यावर बंदी घातली. वायू वाया घालवण्याविरुद्धच्या कायद्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०० मध्ये न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. तोवर दाब बराच ओसरला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बहुतेक भरभराट संपली, अनेक कारखाने बंद पडले किंवा कोळशाकडे वळले.

त्या राज्यांत आज रस्त्याकडेला त्या वायूचे फलक आहेत. मजकूर नेमका आणि प्रामाणिक असतो. पण ते लागले वायू संपल्यावर कित्येक दशकांनी. वाचणारा हळहळतो आणि पुढे जातो. त्याला करण्यासारखे काही उरलेले नसते. तोच मजकूर १८९० मध्ये फिंडलेच्या चौकात लागला असता, की हा साठा मर्यादित आहे, इतका जळाला आहे, इतके दिवे विनाकारण पेटले आहेत, तर कदाचित कायदा वेळेत आला असता. इशारे देणारे अधिकारी आणि भूवैज्ञानिक होते. त्यांचे म्हणणे अहवालांत राहिले, चौकात आले नाही.

आपण आज त्याच वळणावर आहोत. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई हायमधून रोज चार लाखांहून अधिक पिंपे तेल निघत होते. आज उत्पादन त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आले आहे. ते टिकवायला जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने तांत्रिक साहाय्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीची निवड केली. उरणचे वीज केंद्र वायू अपुरा मिळतो म्हणून वर्षानुवर्षे क्षमतेपेक्षा कमी चालते. डोलवीला कोक भट्टीतल्या वायूचा आधार घ्यावा लागला. उतार सुरू झाला आहे. पण खडकात अजून पुष्कळ आहे आणि वाहिन्या भरलेल्या आहेत. नोंद लिहायला याहून चांगला काळ येणार नाही.

नोंदीत काय हवे? पहिली गोष्ट, मालकी आणि वाटा. संविधानाच्या २९७ व्या अनुच्छेदानुसार समुद्रातली खनिजे केंद्राच्या मालकीची. जमिनीवर तेल निघाले तर त्या राज्याला स्वामित्वधन मिळते. गुजरात आणि आसामला ते मिळत आले. मुंबई हायचे स्वामित्वधन केंद्राकडे जाते, महाराष्ट्राकडे नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने झाली, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात खाणींच्या पैशातून बाधित गावांसाठी निधी उभा राहिला. खनिज तेल आणि वायू त्या कायद्याच्या कक्षेबाहेर, त्यामुळे रायगडच्या किनाऱ्याला तशी कायदेशीर तरतूद नाही. कंपन्यांनी नोकऱ्या दिल्या, शाळा-दवाखान्यांना मदत केली, हे खरे आणि ते लिहिलेच पाहिजे. पण कंपनीने मनाने दिलेली मदत आणि कायद्याने मिळणारा हक्क यांत फरक आहे. हा फरक गावाला माहीत असला तर गाव त्यावर बोलू शकते.

दुसरी गोष्ट, जमीन. वाहिनीसाठी जमीन घेण्याचा १९६२ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचे, पण त्या पट्ट्यावर घर बांधायचे नाही, विहीर किंवा तळे खोदायचे नाही, झाड लावायचे नाही. पिकाचे आणि जमिनीचे झालेले नुकसान वेगळे भरून मिळते. वापराच्या हक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, तेही एकदाच. जिथे वाडी हे कुटुंबाचे निवृत्तिवेतन असते, तिथे ‘झाड लावायचे नाही’ या तीन शब्दांची किंमत नारळ-सुपारीच्या बागायतदाराला विचारावी. आज बांधावरचा खांब फक्त ‘खोदू नये’ म्हणतो. न खोदण्याने कोणाचे काय गेले, ते त्याच्याशेजारी लिहिलेले असावे.

तिसरी गोष्ट, माणसे. २७ जुलै २००५ रोजी आपल्यावरच्या जखमी स्वयंपाक्याला मुंबई हाय उत्तरेच्या फलाटावर उतरवायला गेलेले ‘समुद्र सुरक्षा’ जहाज लाटांच्या जोरात फलाटाच्या वायूनळावर आदळले. आग लागली, फलाट दोन तासांत जळून गेला, बावीस जण दगावले. आदल्याच दिवशी २६ जुलैच्या पावसाने मुंबई आणि रायगड बुडाले होते. त्या महापुरात ही दुर्घटना लोकांच्या स्मरणातून निसटली. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या प्रकल्पात लागलेल्या आगीत चौघे गेले, त्यांत आग विझवायला धावलेले सुरक्षा दलाचे जवान होते. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक कामगारांचा जीव गेला. हे कामगार देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले. त्यांच्या मरणाची पाटी त्यांच्या गावीही नाही, इथेही नाही. या किनाऱ्याने आपल्या हुतात्म्यांची नावे जपली आहेत. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध लढताना गोळीबारात पडलेल्या पाच जणांचे स्मारक जासईला आहे. समुद्रावर वायूसाठी मेलेल्यांनाही त्याच परंपरेत जागा द्यायला हवी.

यावर काही आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला सुरक्षेचा. हे प्रकल्प संवेदनशील आहेत, त्यांची माहिती रस्त्यावर कशाला? पण वाहिनी कुठून जाते हे सांगणारे खांब आजही उभे आहेत, ते उभे असणे सुरक्षेसाठी गरजेचेच आहे. स्मृतिफलकाला झडपांचे नकाशे लागत नाहीत. खडकाचे वय, वर्षे, गावे आणि मेलेल्यांची संख्या यांनी कुठल्याही प्रकल्पाला धोका पोचत नाही. उलट, जमिनीखाली काय आहे आणि का आहे हे समजलेला शेजारी जेसीबीवाल्याला आधी हटकतो.

दुसरा आक्षेप गरिबीचा. गावाला पाणी हवे, रोजगार हवा, मासेमारीचे क्षेत्र हवे. पाटी घेऊन काय करायचे? या प्रश्नामागचा संताप मला मान्य आहे. समुद्रातल्या प्रत्येक फलाटाभोवती पाचशे मीटरचे सुरक्षा क्षेत्र असते, तिथे कोळ्याला जाळे टाकता येत नाही. त्याच्या दृष्टीने शब्दांनी पोट भरत नाही. पण मागणी उभी राहते ती माहितीवर. चरीच्या शेतकऱ्याने संप केला तेव्हा खोताला आपण किती देतो आणि आपल्याला किती उरते हे त्याला तोंडपाठ होते. नारायण नागू पाटलांचे नेतृत्व त्या पाठ असलेल्या आकड्यांवर उभे होते. वायूचा आकडा गावाला पाठ नाही, म्हणून वायूवरची चर्चा मुंबई आणि दिल्लीतच होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. मजकूर कोण लिहिणार? कंपनीने लिहिला तर तो जाहिरात होईल, पक्षाने लिहिला तर त्यावर पुढाऱ्याचा फोटो येईल. म्हणून मजकुराची जबाबदारी ग्रामसभेकडे असावी आणि तथ्ये भूवैज्ञानिकाने व इतिहासाच्या अभ्यासकाने तपासलेली असावीत. दर पाच वर्षांनी आकडे बदलावेत, म्हणजे उत्पादन किती उतरले ते गावाला आपोआप कळत जाईल. उद्‌घाटकाचे नाव फलकावर नसावे. ज्यांनी जमीन दिली त्या गावांची नावे असावीत.

जागाही ठरवता येतात. उरणच्या प्रकल्पाजवळ शोधाचा आणि वाहिन्यांचा फलक. थळला वायूचा युरिया कसा होतो ते सांगणारा. उसरला स्वयंपाकाच्या गॅसचा, डोलवीच्या रस्त्यावर लोखंड, चुनखडी आणि वायूचा. मुरूडला, जिथून पद्मदुर्गाकडे नजर जाते, तिथे चुन्याचा आणि समुद्राखालच्या खडकाचा. रेवसच्या बंदरावर समुद्रात गेलेल्यांचा. जिल्हा परिषदेच्या शाळांनी भूगोलाचा एक तास या फलकांसमोर घ्यावा. दगड, समुद्र, कायदा आणि गाव हे चारही विषय तिथे एका जागी शिकवता येतील.

खर्च फार नाही. जिल्हा परिषदेला झेपेल आणि कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतही सहज बसेल, फक्त मजकुरावर त्यांचा अधिकार नको. लागणार आहे ती इच्छा. जी संपत्ती दोन कोटी वर्षांच्या चुनखडीत साठली आणि जिचे उत्पादन एका माणसाच्या हयातीत निम्म्याहून खाली आले, तिच्याविषयी किनाऱ्यावरच्या माणसाने अंधारात राहणे हा अन्याय आहे. तो दूर करायला नवा कायदा लागत नाही. येत्या ग्रामसभेत उरण, अलिबाग, पेण आणि मुरूडच्या गावांनी हा विषय घ्यावा, ठराव करावा आणि पहिला मजकूर स्वतः लिहावा. वायू वाहतो आहे तोवर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. नंतर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला समोर कोणीच उरत नाही.